घरच्या घरी विज्ञान: चार प्रयोग, मोजून-मापून करायचे

मुलांसाठी सुचवल्या जाणाऱ्या घरगुती प्रयोगांपैकी बरेचसे असे असतात की त्यांत काहीतरी फसफसते, उसळते किंवा रंग बदलते, मुले आनंदाने ओरडतात आणि पाच मिनिटांत सारे साहित्य आवरून ठेवले जाते. त्या आनंदाला माझा मुळीच विरोध नाही. कुतूहल जागे व्हायला तो लागतोच. पण त्याच टेबलावर, त्याच साहित्यासह आणखी अर्धा-पाऊण तास थांबले, तर मूल स्वतः प्रश्न विचारून त्याचे उत्तर आकड्यांत मिळवू शकते. म्हणून या लेखात मुद्दाम चारच प्रयोग घेतले आहेत. त्यांतला प्रत्येक प्रयोग थोडाथोडा बदल करून पुनःपुन्हा करायचा आहे आणि चारही प्रयोगांचे साहित्य साध्या घरात सापडणारे आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

सर्वांत आधी एक वही हवी. प्रत्येक प्रयोगासाठी एक पान घ्यावे आणि त्यावर आज काय बदलणार, काय होईल असे वाटते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी लिहाव्यात. यातली दुसरी गोष्ट, म्हणजे अंदाज, प्रयोग करण्याआधीच लिहिली गेली पाहिजे. उत्तर डोळ्यांसमोर आल्यावर ‘मला हे माहीतच होते’ असे प्रत्येकालाच वाटते, आणि मग चुकलेल्या अंदाजातून जे शिकता आले असते ते हातातून निसटते. लिहिता न येणाऱ्या लहान मुलाने चित्र काढले तरी चालेल. घरातल्या मोठ्यांनीही आपला अंदाज लिहावा. मोठ्यांचा अंदाज चुकलेला पाहिला की मुलांची चुकण्याची भीती बरीच कमी होते.

दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोऱ्याची लांबी आणि वजन दोन्ही एकाच वेळी बदलले, तर फरक कशामुळे पडला हे कोणालाच सांगता येणार नाही. हा नियम ऐकायला सोपा असला तरी पाळताना फसायला होते आणि लंबकाच्या प्रयोगात त्याचा अनुभव लगेच येतो.

सुरक्षिततेबद्दल काही गोष्टी निक्षून सांगायला हव्यात. घरातली स्वच्छतेची रसायने कधीही एकमेकांत मिसळू नयेत. विशेषतः ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो आणि ब्लीच व अमोनिया यांच्या मिश्रणातूनही घातक वायू तयार होतात. भिंतीतल्या विजेच्या जोडणीवर कोणताही प्रयोग करू नये. बटणाच्या आकाराचे सेल आणि छोटे शक्तिशाली चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच गंभीर भाजणे होऊ शकते. फुटलेल्या फुग्याचे तुकडे ताबडतोब उचलावेत, कारण ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. प्रयोगात वापरलेला कोणताही पदार्थ नंतर खाऊ-पिऊ नये.

पहिला प्रयोग: लंबक

सुरुवात लंबकाने करावी असे मी आवर्जून सांगेन, कारण यात सांडण्यासारखे काही नाही, प्रयोग हवा तितक्या वेळा करता येतो आणि उत्तर इतके स्वच्छ मिळते की सात-आठ वर्षांच्या मुलाचाही मोजमापावर विश्वास बसतो. साहित्य म्हणून न ताणणारा सुमारे सव्वा मीटर दोरा, तीन-चार सारखे लोखंडी नट, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ किंवा फोन पुरे.

दोऱ्याच्या एका टोकाला एक नट बांधावा. दुसरे टोक टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने किंवा चिमट्याने असे घट्ट बसवावे की दोरा एकाच बिंदूपासून लोंबेल. आधाराचा हा बिंदू हलत असेल तर सगळे आकडे बिघडतात. त्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर २५ सेंटिमीटर ठेवावी. मग नट एका बाजूला थोडासा, सुमारे एक तळहातभर, ओढून धक्का न देता सोडून द्यावा. नट जाऊन परत सुटलेल्या जागी आला की एक आंदोलन पूर्ण होते.

एका आंदोलनाचा वेळ मोजायचा प्रयत्न करू नये. घड्याळाचे बटण दाबताना माणसाच्या हाताला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी उशीर होतो आणि एकाच आंदोलनात तो फार मोठा ठरतो. त्याऐवजी १० आंदोलनांचा वेळ मोजून त्याला दहाने भागावे, म्हणजे ती चूकही दहा जणांत वाटली जाते. मोजणी सुरू करताना नट सोडण्याच्या क्षणी ‘एक’ म्हणायचे नाही, ‘शून्य’ म्हणायचे. बहुतेक मुले इथेच घसरतात.

आता अंदाज लिहायचा: एकाऐवजी तीन नट लावले तर लंबक जलद हलेल, सावकाश हलेल की तसाच हलेल? बहुतेकांना वाटते की जड लंबक जलद हलेल. करून पाहावे, वेळ बदलत नाही. मात्र हे नट एकाखाली एक टांगले तर वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजेच लांबी वाढते, आणि एकच गोष्ट बदलल्याच्या समजुतीत दोन गोष्टी बदललेल्या असतात. सगळे नट एकाच बिंदूवर, शेजारी शेजारी बांधावेत.

यानंतर नट पुन्हा एकच ठेवून लांबी बदलावी. २५ सेंटिमीटरला १० आंदोलनांस सुमारे १० सेकंद लागतात, ५० सेंटिमीटरला १४.२ सेकंद आणि १०० सेंटिमीटरला २० सेकंदांपेक्षा किंचित जास्त. लांबी दुप्पट झाली म्हणून वेळ दुप्पट झाला नाही. वेळ दुप्पट व्हायला लांबी चौपट करावी लागली. हे आकडे मुलाला आधी सांगू नयेत, त्याच्या वहीत ते आपोआप उमटू द्यावेत. मोठ्या मुलांनी आलेखही काढावा. ज्यांना भागाकार नीट जमतो त्यांनी आणखी एक पायरी पुढे जावे: लांबी मीटरमध्ये घेऊन तिला ३९.५ ने गुणावे आणि एका आंदोलनाच्या वेळेच्या वर्गाने भागावे. उत्तर ९.८ च्या आसपास येते, आणि हाच पृथ्वीचा गुरुत्वीय प्रवेग आहे. एका दोऱ्याने आणि नटाने पृथ्वीच्या ओढीचे माप मिळते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

शेवटी झोक्याचा विस्तार बदलून पाहावा. गॅलिलिओने १६०२ साली लंबकाविषयी लिहिले तेव्हा त्याचे मत असे होते की झोका लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागतो. लहान झोक्यांसाठी हे जवळजवळ खरे आहे. २० अंशांपर्यंत फरक एका टक्क्याहूनही कमी पडतो. ६० अंशांवरून सोडले तर मात्र वेळ सुमारे सात टक्क्यांनी वाढतो आणि १०० सेंटिमीटरच्या लंबकावर तो फरक घरच्या घड्याळातही दिसतो. झोका हळूहळू लहान होत जातो, म्हणून इथे पहिली पाचच आंदोलने मोजावीत. गॅलिलिओच्या विधानाला कुठे मर्यादा पडते हे मुलाने स्वतः शोधून काढणे, याहून चांगला धडा मला सुचत नाही.

दुसरा प्रयोग: मेणबत्ती, पेला आणि एक चुकीचे स्पष्टीकरण

ताटलीत पाणी घेऊन मध्ये मेणबत्ती पेटवायची, वर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. हा प्रयोग फार जुना आहे आणि त्याचे जे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते ते बरोबर नाही. ‘मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला आणि त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली’ असे सांगितले जाते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि पाणीही कधीकधी तेवढ्याच प्रमाणात चढते, त्यामुळे हे स्पष्टीकरण पटकन पटते. ते खरे की खोटे हे ठरवायची जबाबदारी मुलांवर सोपवावी.

ज्योतीशी संबंधित सगळी कामे मोठ्यांनीच करावीत. केस बांधलेले असावेत, बाह्या दुमडलेल्या असाव्यात, जवळ कागद किंवा पडदा नसावा आणि पाण्याने भरलेले एक भांडे हाताशी असावे. खोलगट ताटलीत दीड-दोन सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात थोडा रंग मिसळावा. मेणबत्ती तळाशी मेणानेच घट्ट चिकटवावी. पेल्याऐवजी मोठ्या तोंडाची काचेची बरणी मिळाली तर उत्तम. तिच्यावर बाहेरून चिकटपट्टी लावून सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. फोन स्थिर ठेवून सगळा प्रसंग चित्रित करावा, कारण खरा पुरावा वेळेच्या क्रमात दडलेला आहे.

पहिल्यांदा एकच मेणबत्ती घ्यावी आणि चित्रफीत सावकाश पाहत दोन गोष्टी शोधाव्यात: बरणी ठेवतानाच्या क्षणांत कडेखालून बुडबुडे बाहेर पडले का, आणि पाणी मुख्यतः केव्हा चढले. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असेल तर ते ज्योत जळत असताना संथपणे चढायला हवे आणि ज्योत विझताच थांबायला हवे. प्रत्यक्षात पाण्याची मोठी उसळी ज्योत विझता विझता आणि विझल्यानंतर दिसते. मग त्याच बरणीत दोन आणि नंतर तीन मेणबत्त्या लावून प्रयोग करावा. बरणीतला ऑक्सिजन तेवढाच आहे. तरीही मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त उंच चढते.

उलगडा असा: ज्योतीभोवतीची हवा तापून पसरलेली असते, त्यामुळे बरणी पालथी घालताना तिच्यात विरळ हवा कोंडली जाते आणि काही हवा बुडबुड्यांच्या रूपाने निसटते. ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन आकसते, ज्वलनातून तयार झालेली वाफ काचेवर साचते, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजनचा वापर होतो हे खरेच. पण तो पूर्ण संपत नाही. त्याचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास उतरले की मेणबत्ती विझते, आणि वापरलेल्या ऑक्सिजनची सुमारे दोन-तृतीयांश जागा नव्याने तयार झालेला कार्बन डायॉक्साइड घेतो.

या उलगड्याचीही परीक्षा घ्यायला हवी. त्यासाठी ज्योतच नको. उष्णता सोसणारी बरणी हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्याने भरून एक मिनिट ठेवावी, पाणी ओतून टाकून लगेच ती थंड पाण्याच्या ताटलीत पालथी घालावी आणि वाट पाहावी. जळणे नाही, ऑक्सिजनचा वापर नाही, तरी पाणी थोडे चढतेच. लहान मुले असलेल्या घरात हा बिनज्योतीचा भाग एकटाच केला तरी पुष्कळ आहे.

तिसरा प्रयोग: सोडा, व्हिनेगर आणि फुगा

सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढणे सगळ्यांनाच माहीत आहे. त्याच क्रियेतून निघणारा कार्बन डायॉक्साइड फुग्यात साठवला तर तो मोजता येतो. साधारण अर्ध्या लिटरची अरुंद तोंडाची बाटली घ्यावी आणि तिच्यात ५ टक्के आम्लता असलेले पांढरे व्हिनेगर बरोबर ५० मिलिलिटर ओतावे. फुगा आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करून घ्यावा, नरसाळ्याने त्यात मोजचमच्याने पाव चमचा सपाट खाण्याचा सोडा भरावा आणि फुग्याचे तोंड बाटलीच्या तोंडावर घट्ट चढवावे. मग फुगा उभा केला की सोडा खाली पडतो. फेस पूर्ण शांत झाल्यावर फुग्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजावा. बाटलीचे तोंड झाकण्यासाठी फक्त फुगाच वापरावा. घट्ट झाकण लावलेली बाटली दाबाने फुटू शकते. डोळ्यांवर चष्मा असावा.

दर वेळी बाटली धुऊन, नव्याने तेवढेच व्हिनेगर घेऊन अर्धा, पाऊण, एक आणि दीड चमचा सोड्याने प्रयोग करावा. अंदाज लिहिताना बहुतेक मुले ‘सोडा जास्त तर फुगा मोठा’ असे लिहितात. पाऊण चमच्यापर्यंत तसे घडतेही; त्यापुढे मात्र फुगा जवळजवळ तेवढाच राहतो आणि बाटलीच्या तळाशी पांढरा सोडा शिल्लक दिसू लागतो. कारण ५० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये सुमारे अडीच ग्रॅमच अॅसेटिक आम्ल असते, त्याला साडेतीन ग्रॅम सोडा पुरतो आणि ५ मिलिलिटरच्या मोजचमच्यात जवळपास ५ ग्रॅम सोडा मावतो. या मापात सुमारे एक लिटर वायू तयार होतो आणि त्यातला थोडा पाण्यात विरघळून राहतो. एक लिटरच्या गोल फुग्याचा परीघ ३९ सेंटिमीटर भरतो. हाती येणारा आकडा त्याहून थोडा कमी असेल.

परिघाबाबत एक गोष्ट मुलांना दाखवून द्यावी: परीघ दुप्पट झाला तर आतला वायू आठपट झालेला असतो. म्हणून परिघातला लहानसा फरकही वायूच्या बऱ्याच मोठ्या फरकाचा असतो.

आम्ल खरोखरच संपले का, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी जांभळ्या कोबीचा अर्क वापरावा. चार-पाच पाने बारीक चिरून मोठ्यांनी त्यांवर गरम पाणी ओतावे, पंधरा मिनिटांनी गाळून घ्यावे. हा अर्क आम्लात गुलाबी-लाल, साध्या पाण्यात जांभळा आणि सोड्याच्या पाण्यात निळसर-हिरवा होतो. वनस्पतींच्या रंगांचा असा उपयोग रॉबर्ट बॉइलने १६६४ साली तपशीलवार वर्णन केला होता. व्हिनेगरमध्ये दोन चमचे अर्क मिसळून वरील पाचही मापे पुन्हा करावीत आणि फेस निवल्यावर फुगा काढून बाटली जराशी हलवावी. अर्ध्या चमच्यापर्यंत द्रव लालसरच राहतो, सोडा वाढत गेला की निळसर होतो. फुगा वाढायचे थांबणे आणि रंग पालटणे या दोन्ही गोष्टी साधारण एकाच मापाला घडतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येणे किती भरवशाचे असते हे इथे मुलांना न सांगता कळते. अर्क उरला तर फ्रिजमध्ये, नावाची चिठ्ठी लावून, दोन-तीन दिवस टिकतो.

चौथा प्रयोग: खोलीत बसून सूर्याचे माप

सूर्याकडे थेट, छिद्रातून, आरशातून किंवा काळ्या काचेतून पाहायचे नाही. या प्रयोगात सूर्याकडे पाठ असते आणि पाहायची ती फक्त भिंतीवरची प्रतिमा. आरशाचा कवडसा कोणाच्या डोळ्यांवर पाडायचा नाही, हे आधी पक्के करावे.

एका छोट्या सपाट आरशावर जाड कागद चिकटवून त्यात ५ मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र ठेवावे. आरसा उन्हाच्या खिडकीत मातीच्या गोळ्यावर टेकवून असा बसवावा की परावर्तित प्रकाश अंधाऱ्या खोलीच्या आतल्या भिंतीवर पडेल. भिंतीवर पांढरा कागद लावावा. आरशापासून कागदाचे अंतर शक्यतो ५ मीटर असावे आणि प्रकाश कागदावर सरळ पडावा. तिरका पडला तर गोलाऐवजी लंबगोल दिसतो, अशा वेळी त्याची आखूड रुंदी मोजावी.

५ मीटरवर हा ठिपका फिकट कड धरून सुमारे ५१ मिलिमीटरचा असतो. त्यातून छिद्राची रुंदी, म्हणजे ५ मिलिमीटर, वजा करावी. उरलेले सुमारे ४६ मिलिमीटर हे सूर्याच्या प्रतिमेचे माप. ५००० ला ४६ ने भागले की जवळपास १०८ येतात, म्हणजे सूर्य आपल्या व्यासाच्या सुमारे १०८ पट दूर आहे. सूर्याचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर धरून भागाकार केला तर व्यास १३ लाख ९० हजार किलोमीटरच्या आसपास येतो. प्रत्यक्षात तो सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे. कडा धूसर असल्यामुळे घरच्या मापात पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि तो मान्य करावा.

आता छिद्र चौकोनी केले तर ठिपका कसा दिसेल? अंदाज लिहून मगच कागद बदलावा. आरशापासून वीस सेंटिमीटरवर ठिपका चौकोनी दिसतो आणि ५ मीटरवर गोल, कारण दूरवर छिद्राच्या आकारापेक्षा सूर्याची प्रतिमा खूप मोठी होते. झाडाखाली पानांच्या वेड्यावाकड्या फटींतून पडणारे कवडसे गोल असतात आणि खंडग्रास सूर्यग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, त्यामागचे कारण हेच.

ठिपका स्थिर राहत नाही, हेही लगेच लक्षात येईल. पेन्सिलीने त्याची कड आखून वेळ नोंदवावी आणि ठिपका आखलेल्या वर्तुळातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबावे. छिद्राच्या रुंदीमुळे थोडा जास्त वेळ लागतो. सूर्याला स्वतःच्या रुंदीइतके सरकायला दोन ते सव्वादोन मिनिटे लागतात. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे दोन मिनिटांत अर्धा अंश. आकाशात सूर्याची रुंदी तेवढीच आहे. फिरणारी पृथ्वी भिंतीवर पाहायला मिळाल्यावर बहुतेक मुले दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वेळ लावायला स्वतःहून तयार होतात.

आकडा जुळला नाही तर

आकडा जुळत नसेल तर मुलाला ‘चुकले’ असे सांगण्याऐवजी चूक कुठून आली असेल ते त्याच्याबरोबर शोधावे. बहुतेक वेळा आकडाच ते सांगतो. २५ सेंटिमीटरच्या लंबकाच्या १० आंदोलनांना ९ सेकंद लागले असतील तर मोजणीत एक आंदोलन जास्त धरले गेले आहे. १०.४ सेकंद आले असतील तर लांबी नटाच्या मध्यापर्यंत न मोजता गाठीपर्यंत मोजली गेली असण्याची शक्यता मोठी, कारण तेवढा वेळ २७ सेंटिमीटरच्या लंबकाला लागतो. फुगा फारच लहान राहिला तर त्याचे तोंड गळते आहे का आणि व्हिनेगरची आम्लता ५ टक्क्यांहून कमी आहे का ते पाहावे. सूर्याचा व्यास दहा-बारा टक्क्यांनी मोठा आला तर छिद्राची रुंदी वजा करायची राहिली आहे. कारण सापडल्यावर जुना आकडा खोडू नये; त्याच्या शेजारी नवा आकडा, तारीख आणि या वेळी काय बदलले ते लिहावे.